पाचव्या वर्षाचं काय करणार? अग्निवीरचा फॉर्म भरण्याआधी

एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पॅनकार्ड हे वर्षभर चालूच असतं. पण अग्निवीरची, म्हणजे चार वर्षांच्या सैन्यभरतीची, नोंदणी सुरू झाली की दुकानाची कळाच बदलते. पहाटे डांबरीवर पळून आलेली पोरं तशाच ओल्या टी-शर्टवर बाकड्यावर येऊन बसतात. कुणाच्या हातात मार्कलिस्ट, कुणाच्या हातात नुसताच मोबाइल.

गेल्या खेपेला एक बाप-लेक आले. पोरगा बारावी झालेला, एकोणिसावं चालू. मी आधार नंबर टाकला, दहावीचे मार्क टाकले, ओटीपी घेतला. "ट्रेड कुठला?" म्हटल्यावर पोरगा म्हणाला, "जीडी." म्हणजे जनरल ड्यूटी, साधा शिपाई. इतका वेळ गप्प बसलेला बाप पुढं झुकला. "भाऊ, ह्याला पेन्शन किती बसंल?"

मी कीबोर्डवरचा हात काढून घेतला. "पेन्शन नाही दादा यात."

"आसं कसं? माजा मेव्हणा सतरा वर्षं करून आला, घरबसल्या घेतोय की."

पोरगा स्क्रीनकडंच बघत राहिला. त्याला माहीत होतं. घरी सांगितलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवशी फॉर्म अर्धाच ठेवून मी त्या दोघांना जे सांगितलं, ते इथं सविस्तर लिहितोय. मी फौजी नाही. पण गेली काही वर्षं हे फॉर्म भरतोय, जाहिराती ओळ न् ओळ वाचतोय, भरती होऊन सुट्टीवर आलेली पोरं दुकानात येऊन टेकतात, त्यांचंही ऐकतोय.

मेव्हण्याची नोकरी वेगळी, पोराची वेगळी

आमच्या भागात सैन्य म्हणजे घरातली गोष्ट. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलं. कोल्हापूरकडं शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली. त्यामुळं 'मिलटरीत गेला' म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढं एक ठरलेलं चित्र येतं: पंधरा-सतरा वर्षं नोकरी, मग पेन्शन, कँटीनचं कार्ड, दवाखाना फुकट, वर बँकेत नाहीतर एखाद्या कंपनीत सिक्युरिटीची दुसरी नोकरी.

ते चित्र १४ जून २०२२ ला बदललं. त्या दिवशी अग्निपथ योजना जाहीर झाली. अधिकारी सोडून बाकी जवळपास सगळी भरती, म्हणजे भूदल, नौदल आणि हवाई दल तिन्हीकडची, तेव्हापासून 'अग्निवीर' म्हणूनच होते. मुदत चार वर्षं, ट्रेनिंग त्यातच धरलेलं. चार वर्षं झाली की सगळेच मोकळे. त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढं कायम सेवेत घेतात. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, 'माजी सैनिक' हा दर्जाही नाही. म्हणजे माजी सैनिकांसाठीची ईसीएचएसची दवाखान्याची सोय नाही आणि माजी सैनिकांच्या कोट्यात नोकरी मागता येत नाही.

हे सरकारनं का केलं? सांगितलेलं कारण असं की फौज तरुण राहावी, जवानांचं सरासरी वय चार-पाच वर्षांनी खाली यावं. न सांगितलेलं कारण अर्थसंकल्प उघडला की दिसतं, संरक्षण खर्चातला पेन्शनचा वाटा फार वाढला होता. योजना चांगली की वाईट यावर आमच्या चहाच्या टपरीवर अजून भांडणं होतात. ज्याला फॉर्म भरायचाय त्याला त्या भांडणाचा उपयोग नाही. त्यानं समोरचा करार वाचावा.

पैसे, नीट मांडून

पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये. त्यातले ९,००० सेवा निधीत कापले जातात, हातात २१,०००. दुसऱ्या वर्षी ३३,०००, हातात २३,१००. तिसऱ्या वर्षी ३६,५००, हातात २५,५५०. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. शिवाय पोस्टिंग कुठं आहे त्यानुसार जोखमीचे भत्ते मिळतात. जेवणखाण, राहणं, कपडे सरकारचे.

चार वर्षांत हातात येणारी रक्कम मी कॅल्क्युलेटरवर मांडली: ११,७१,८००. कापलेले पैसे होतात ५,०२,२००. तेवढेच सरकार घालतं. दोन्ही मिळून दहा लाख चार हजारांच्या वर, आणि व्याज धरून सरकारनं योजना आणताना आकडा दिला होता ११.७१ लाखांचा. यावर आयकर नाही. हीच ती 'सेवा निधी'ची रक्कम, जी भरतीच्या रील्समध्ये मोठ्या अक्षरांत दाखवतात.

आता ही रक्कम मोठी की छोटी? एकवीस-बावीस वर्षांच्या पोराच्या हातात एकदम पावणेबारा लाख म्हणजे आमच्याकडं मोठीच. पण बापाच्या डोक्यात पेन्शन होती, म्हणून मी त्याच मापानं मोजून दाखवलं. सगळेच्या सगळे ७ टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाला ८२ हजारांच्या आसपास व्याज, म्हणजे महिन्याला ६,८०० च्या घरात. तेही मुद्दलाला कुणी हात लावला नाही तर. बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब, एखादी बुलेट यांतलं काही झालं तर तेवढंही नाही.

माझ्या मते खरा फायदा सेवा निधीत नाही, हातात येणाऱ्या पगारात आहे. खायला-राहायला खर्च नसलेला पोरगा महिन्याला पंधरा हजार सहज बाजूला टाकू शकतो. पण सुट्टीवर आलेल्या पोरांचे मोबाइल बघितले की ते किती टाकतात याचा अंदाज येतो. आयफोनच्या हप्त्याचा फॉर्म पण मीच भरून देतो.

आणखी एक बारीक कलम आहे, ते कुणी सांगत नाही. जो २५ टक्क्यांत निवडला जाईल त्याला सेवा निधीतला स्वतःचाच हिस्सा व्याजासह मिळतो, सरकारचा नाही. त्याची पुढची पंधरा वर्षांची सेवा नव्यानं सुरू होते. अग्निवीर म्हणून काढलेली चार वर्षं पेन्शनच्या हिशेबात धरत नाहीत. तरी निवड झालेला कुणी त्याबद्दल कुरकुर करणार नाही, ते सोडा.

चौघांत एक

मी पोरांना एवढंच विचारतो: तुझ्या ग्रुपमधले चौघं भरती झाले, तर त्यातला फार तर एक कायम राहणार. राहिलेल्या तिघांत तू असलास तर पाचव्या वर्षी जूनमध्ये तू काय करत असशील?

बहुतेक जण म्हणतात, "मी एकात असणार." असा विश्वास असावाच, नाहीतर पळणार कसा? पण निवड चार वर्षांतल्या कामगिरीवर आणि चाचण्यांवर होते, तिथं समोरची सगळीच पोरं शेकड्यांतून निवडून आलेली असतात. आणि २५ टक्के ही वरची मर्यादा आहे. तेवढे घेतलेच पाहिजेत असं त्यात लिहिलेलं नाही.

दुसरं उत्तर येतं, "बाहेर आल्यावर कोटा आहे की." आहे. केंद्रीय सशस्त्र दलांत, म्हणजे बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी यांत माजी अग्निवीरांना १० टक्के जागा राखीव ठेवल्या. डिसेंबर २०२५ मध्ये बीएसएफच्या कॉन्स्टेबल भरतीत हा वाटा ५० टक्क्यांवर नेला. वयातही सूट आहे, पहिल्या तुकडीला पाच वर्षं, नंतरच्यांना तीन. पण कोटा म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. जाहिरात निघावी लागते, अर्ज करावा लागतो, लेखी पास व्हावी लागते. माजी सैनिकांसाठीही केंद्राच्या नोकऱ्यांत राखीव जागा कितीतरी वर्षांपासून आहेत आणि त्यातल्या बऱ्याच कधी भरल्याच जात नाहीत. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेल्या, त्यांची चार वर्षं २०२६ च्या शेवटापासून पुरी होतात. म्हणजे 'बाहेर आल्यावर काय होतं' हे दाखवायला मागची पाच-दहा वर्षांची उदाहरणं नाहीत. जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यावर थोडा संशय घ्यावा.

मला सगळ्यात व्यवहारी वाटतो तो पोलीस भरतीचा रस्ता. महाराष्ट्र पोलीस शिपायाला खुल्या गटात वयाची अट २८ पर्यंत असते, मागास प्रवर्गांना आणखी वर. एकोणिसाव्या वर्षी आत गेलेला तेविसाव्या वर्षी बाहेर आला तर हातात पाच वर्षं उरतात. १६०० मीटर पळायची सवय अंगात असतेच. अडतं ते १०० मार्कांच्या लेखीत. चार वर्षं पुस्तक उघडलं नसेल तर गणित आणि मराठी व्याकरण परकं होऊन बसतं. एमपीएससीला तर खुल्या गटालाही ३८ पर्यंत मुभा आहे, पण त्याला पदवी लागते.

पदवीचं म्हणाल तर सोय केलेली आहे. दहावी पास अग्निवीराला मुक्त विद्यालयाकडून बारावीच्या तोडीचं प्रमाणपत्र, आणि इग्नूची अशी पदवी की जिचे निम्मे क्रेडिट सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात दिवसभर ड्यूटी करून, कुठल्या तरी चौकीवर रेंज नसताना, असाइनमेंट लिहिणारा पोरगा चिकाटीचा लागतो. तो तू आहेस का, हे तुझ्या बारावीच्या वहीला विचार.

आधी मेडिकल, मग अकॅडमी

आता हे जरा माझ्या घरातलं. माझा पुतण्या भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकॅडमीत आठ महिने होता. राहणं, जेवण, ग्राउंड, सगळं धरून भावानं म्हैस विकून पैसे भरले. पोरगा १६०० मीटरला साडेपाच मिनिटांच्या आत येत होता, बीमवर दहा पुलअप्स काढत होता. भरतीच्या रॅलीत मेडिकलला डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि विचारलं, "यात आकडा कुठला?" त्याला आकडाच दिसेना. रंगांधळेपणा जन्माचा असतो, त्याला औषध नाही. पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत जे कळलं असतं ते आठ महिन्यांनी कळलं. वर अकॅडमीनं राहिलेल्या फीपोटी दहावीचं मूळ मार्कलिस्ट अडकवून ठेवलं होतं, ते सोडवायला दोन खेपा झाल्या. मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवायचा नाही हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

म्हणून पळायला सुरुवात करायच्या आधी तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जा. डोळे, त्यात रंगांची तपासणी मुद्दाम मागून घ्या. कान, मळ साठलाय म्हणून लटकलेली पोरं मी बघितलीत, ही तर काढून टाकायची गोष्ट. दात. पायावरच्या फुगलेल्या शिरा. तळवा सपाट आहे का हे घरीच कळतं: पाय ओला करून शहाबादी फरशीवर ठेवा, ठशात मधल्या बाजूला कोरडी खाच दिसली पाहिजे. सगळा पाय भरून उमटला तर डॉक्टरला दाखवा. सरळ उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना चिकटतात आणि घोटे लांब राहतात, तेही अडतं. टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर. छातीवर राजमुद्रा गोंदलेल्या पोराला मी काय सांगणार? रॅलीत अनफिट ठरवलं तर लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते, घाबरून घरी यायचं नाही.

निवडीचा क्रम २०२३ पासून उलटा झालाय. आधी ग्राउंड असायचं, आता आधी कॉम्प्युटरवर लेखी, आणि ती पास झालेल्यांनाच रॅलीला बोलावतात. जीडीला ५० प्रश्न, १०० मार्क, एक तास, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा वजा. २०२५ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते. सांगूनही पोरांना पटत नाही, ती सहा महिने पळतात आणि लेखीच्या आदल्या आठवड्यात मला जुन्या पेपरची पीडीएफ मागतात. ग्राउंडला १६०० मीटर साडेपाच मिनिटांत आलात तर ६० मार्क, पंधरा सेकंद उशीर झाला की ४८. बीम दहा काढल्या तर ४०. मेरिट अर्ध्या मार्कावर हलतं, तिथं बारा मार्क म्हणजे सगळं गेलं.

जीडीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. क्लार्कला बारावी ६० टक्के, टेक्निकलला विज्ञान शाखा नाहीतर आयटीआय. वयाची अट योजना आली तेव्हा साडेसतरा ते एकवीस होती. दर वर्षीच्या जाहिरातीत जन्मतारखा छापलेल्या असतात, मित्राच्या स्टेटसवरून नाही, त्यावरून मोजा. कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडं सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा येतं. फी २५० रुपये. त्याच्यावर कुणी 'आतून सेटिंग' म्हणून लाख-दोन लाख मागितले तर तो चोर आहे, मग तो कितीही जवळचा फौजी का असेना.

आणि नाव. आधारवर एक, मार्कलिस्टवर दुसरं, आईच्या नावात काना जास्त. निम्मी पोरं या पायी माझ्या दुकानात रडकुंडीला येतात. नोंदणी उघडायच्या आधी दोन महिने हे दुरुस्त करून घ्या.

आत गेल्यावर

रील्समध्ये बर्फ, रायफल आणि तिरंगा असतो. पहाटेची हजेरी, बूट घासणं, भांडी, गार्ड ड्यूटी आणि 'उस्ताद'च्या शिव्या नसतात. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, खडकीला बॉम्बे सॅपर्स, नाशिक रोडला तोफखाना, अहिल्यानगरला रणगाडे, कामठीला गार्ड्स. आपल्या पोरांचं ट्रेनिंग बहुतेक अशाच ठिकाणी होतं. तिथले पहिले दोन महिने कसे असतात हे सुट्टीवर आलेल्या पोराला एकट्यात विचारावं, चारचौघांत नाही. चारचौघांत तो 'एकदम मस्त' म्हणणार. एकानं मला सांगितलं होतं, "पळायचं काय नाय वाटत दादा. कुणी तरी प्रत्येक मिनिटाला सांगतंय काय करायचं, ते जड जातं. नंतर तेच नसलं की जड जातं."

सुट्टी वर्षाला ३० दिवस. जुन्या भरतीच्या जवानाला वार्षिक आणि किरकोळ मिळून ९० असतात. जम्मूहून झेलम एक्सप्रेसनं पुण्यात आणि पुढं एसटीनं घरी यायला दोन दिवस, जायला दोन दिवस. म्हणजे पालखी, गावची जत्रा, भावाचं लग्न, आजीचं बारावं यातलं एखादंच पदरात पडणार.

नोकरी आवडली नाही म्हणून राजीनामा देऊन घरी येता येत नाही. मुदतीआधी सोडायला अपवादात्मक कारण आणि वरिष्ठांची मंजुरी लागते, आणि सुटलात तर सेवा निधीतला स्वतःचाच हिस्सा मिळतो. अंगावर वर्दी चढली की आर्मी अ‍ॅक्ट १९५० लागू होतो. परवानगीशिवाय तीस दिवस गायब राहिलात तर चौकशी बसते आणि भगोडा ठरवलं जातं. राजकीय सभा, युनियन, पत्रकारांशी बोलणं बंद. २०२० साली जवानांना फेसबुक-इन्स्टाग्रामसकट ८९ अ‍ॅप मोबाइलमधून काढायला सांगितलं होतं. ज्याचं अर्धं आयुष्य इन्स्टावर आहे त्यानं हेही धरून चालावं.

आणि जी गोष्ट आमच्या घरांत उंबऱ्याआत बोलली जात नाही, ती. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर सियाचिनमध्ये मृत्युमुखी पडला. तेव्हा वारसांना काय मिळणार यावर देशभर वाद झाला आणि सैन्यानं तपशील जाहीर केला: ४८ लाखांचा विमा, ४४ लाख सानुग्रह, सेवा निधी, उरलेल्या महिन्यांचा पगार, युद्धात मृत्यू आलेल्या जवानांसाठीच्या निधीतून ८ लाख. रक्कम कोटीच्या पुढं जाते. पण नियमित जवानाच्या घरी दर महिन्याला येणारी कुटुंब पेन्शन अग्निवीराच्या आईबापांना नाही. कायमचं अपंगत्व आलं तर टक्केवारीप्रमाणं ४४, २५ किंवा १५ लाख. ही ओळ आईबापांना वाचून दाखवायची हिंमत ज्याच्यात नाही, त्यानं फॉर्मवर सही करायची घाई करू नये असं मला वाटतं.

दुसरी दारं

आमच्याकडं सैन्य म्हणजे शिपाई भरती, एवढंच डोक्यात. बारावीला गणित-विज्ञान घेऊन पंचाहत्तर टक्के पडलेला पोरगा सरळ जीडीचा फॉर्म भरायला येतो. मी विचारतो, "एनडीए दिलीस?" म्हणतो, "ते मोठ्या लोकांचं." एनडीए म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणारी प्रबोधिनी, खडकवासल्याला, आमच्यापासून दोन-अडीच तासांवर, पण वाटतं परदेशात आहे. यूपीएससी तिची प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा घेते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, लेखी ९०० मार्कांची आणि तेवढ्याच मार्कांची एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखत, चार-पाच दिवस चालणारी. निघालास तर अधिकारी, पेन्शनसकट कायम नोकरी. अवघड आहेच. पण साडेएकोणीस उलटली की ते दार कायमचं बंद, आणि अग्निवीरचं मात्र उघडं राहतं. म्हणून आधी लवकर बंद होणारं दार ठोठवावं. दहावीतल्या पोरांसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, १९७७ पासून. मुलींसाठी तशीच नाशिकला २०२३ मध्ये निघाली. पदवी झालेल्यांना अधिकारी व्हायला सीडीएस परीक्षा आहे.

वर्दीच हवी पण मुदतीची टांगती तलवार नको, तर एसएससीची, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची, जीडी कॉन्स्टेबल परीक्षा. सीमेवर उभा असलेला बीएसएफचा माणूस लष्करात नसतो, गृहखात्यात असतो, हे अर्ध्या पोरांना माहीतच नसतं. दहावी पास, १८ ते २३ वय, नोकरी साठीपर्यंत. घरापासून लांब राहणं तेवढंच, धोकाही कमी नाही.

मुलींबद्दल थोडं. अग्निवीर म्हणून नौदल-हवाई दलात मुली घेतात, भूदलात सैन्य पोलीस दलात. एनडीएचं दार त्यांना सर्वोच्च न्यायालयामुळं उघडलं. २०२२ मध्ये आत गेलेल्या पहिल्या तुकडीतल्या १७ जणी मे २०२५ मध्ये पास होऊन बाहेर पडल्या. आमच्या तालुक्यातून मुलींचे फॉर्म येतात, पण सोबत भाऊ नाहीतर वडील असतात आणि बोलतात तेच.

मग जायचं की नाही? ज्याच्या घरी दुसरं काही नाही, शिक्षणात गोडी नाही, अंगात रग आहे, त्याला चार वर्षं शिस्त, पगार आणि बावीस-तेवीसला गाठीशी दहा-बारा लाख हा वाईट सौदा नाही. पुण्यातल्या कंपनीत कंत्राटावर मिळणाऱ्या कामापेक्षा चांगलाच. ज्याचं कॉलेज बरं चाललंय आणि नुसतं मित्र चाललेत म्हणून निघालाय, त्याला मी पदवी संपव म्हणतो. आणि जो फक्त पेन्शनसाठी चाललाय त्याला सांगावं लागतं की ती गाडी २०२२ मध्येच सुटली.

ते बाप-लेक तिसऱ्या दिवशी परत आले. मधल्या दोन दिवसांत मेव्हण्याला फोन झालेले, घरी बरीच वादावादी झाल्याचं पोराच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. बापानं बाकड्यावर बसत सांगितलं, "भरा. पैशाला हात लावायचा न्हाई, आन् सुटला की पोलीस भरती. बोलणं झालंय आमचं." मी अर्धा राहिलेला फॉर्म उघडला. अविवाहित असल्याच्या दाखल्याचं सांगितलं, सरपंचाच्या सहीचा, फोटो लावलेला.

"त्यो कशाला?"

"चार वर्षं लग्न करता येत नाही दादा यात."

बापाचं तोंड उतरलं. "आता ह्याच्या आईला काय सांगू? तिनं भावाच्या पोरीचं मनात धरलंय."

पोरगा तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. "हे आधी सांगायचं की दादा," तो मला म्हणाला, "करा सबमिट."